ग्रॉस, टेअर आणि नेट

आमचे आबा बत्तीस वर्षं एका रोलिंग मिलच्या वजनकाट्यावर होते. जालन्यात ही काही मिरवायची गोष्ट नाही. इथला माणूस एक तर बियाण्याच्या धंद्यात असतो, नाही तर सळईच्या. दोन्हींत नसला तर माझ्यासारखा मास्तर असतो. काट्यावरचं गणित साधं. भरलेल्या ट्रकचं वजन म्हणजे ग्रॉस, रिकाम्या ट्रकचं म्हणजे टेअर, आणि ग्रॉसमधून टेअर वजा केलं की उरतं ते नेट. आबांनी उभ्या आयुष्यात 'नेट' हा शब्द याच एका अर्थानं वापरला. त्यामुळे एका सकाळी धाकटीनं वरच्या मजल्यावरून "नेट येत नाहीये!" अशी हाक दिली, तेव्हा आबांनी चहाची बशी खाली ठेवून विचारलं, "टेअर किती धरलं?"

आम्ही सगळे हसलो. घरात मुद्द्याचं बोललेला तो एकटाच माणूस होता, हे कळायला पुढे तीन महिने लागले.

आधी घराबद्दल सांगतो, कारण आरोपी तेच आहे. जुन्या जालन्यात २००९ साली आम्ही ते बांधलं. मी मराठीचा मास्तर. काँक्रीटबद्दल माझं ज्ञान शब्दकोशापुरतं. बांधकाम आबांच्या ताब्यात गेलं. इंजिनिअरनं स्लॅबला आठ एमएमची सळई सांगितली, आबांनी बारा एमएमची आणली. त्यानं सहा-सहा इंचांवर गज बांधायला सांगितले, आबांनी चार-चार इंचांवर बांधून घेतले. "सळईच्या गावात राहून सळईची चिकटाई? लोक काय म्हणतील?" स्लॅब पडला त्या दिवशी गुळाचा खडा तोंडात टाकून आबा म्हणाले, "आता हत्ती रिसाला गच्चीवरून नेला तरी हालायचा नाही." धुळवडीला जालन्यात हत्तीवरून राजाची मिरवणूक निघते, तोच हा हत्ती रिसाला. हत्ती काही आजवर आमच्या गच्चीवर आला नाही. त्याच्याऐवजी वायफाय आलं, आणि ते त्या स्लॅबखालीच अडकलं.

वायफाय घेतलं २०२० साली. शाळा मोबाइलमध्ये शिरल्या आणि धाकटीच्या शिक्षणासाठी माझ्या मोबाइलचा रोजचा दीड जीबी दुपारी बारालाच खलास व्हायला लागला. नेटवाला पोरगा खांबावरून वायर ओढत आला आणि त्यानं विचारलं, "काका, डबा कुठं लावू?"

या प्रश्नाचं उत्तर खरं तर शास्त्रज्ञानं द्यायला हवं. आमच्याकडे ते सौ.नी दिलं. "टीव्हीच्या मागं लावा. वायरी दिसायला नकोत." त्याप्रमाणे राउटर शोकेसमध्ये टीव्हीच्या मागे गेला. त्याच्या एका बाजूला शोकेसचा आरसा, दुसऱ्या बाजूला फ्रीज. आरशाच्या पाठीला धातूचा मुलामा असतो, फ्रीज आणि टीव्ही म्हणजे पत्र्याचे डबेच. रेडिओ लहरींना अडवणाऱ्या घरातल्या वस्तूंची यादी करून त्यांच्या बरोबर मध्ये राउटर ठेवायचा, असं ठरवून निघालो असतो तरी इतकी अचूक जागा सापडली नसती. उरलेली कसर आईनं काढली. धूळ बसू नये म्हणून तिनं त्याला क्रोशाची टोपी विणली. दोन अँटेना बाहेर काढायला दोन भोकंही ठेवली. त्यावर राजूरच्या गणपतीचा छोटा फोटो ठेवला आणि आमचं कनेक्शन पूर्ण झालं.

खाली सगळं छान चालायचं. आबा कीर्तन लावायचे, आई मालिका पाहायची. तक्रार फक्त वरच्या मजल्यावरून यायची. धाकटीची खोली हॉलच्या बरोबर वर. तिचे सर फळ्यापाशी हात उंचावून थांबायचे, त्यांच्या तोंडावर एक चकती गोल गोल फिरायची, आणि सर पुन्हा हलायला लागेपर्यंत गणित सुटलेलं असायचं. एकदा आबा वर गेले. पाच मिनिटं ती चकती पाहून खाली आले आणि म्हणाले, "काहून रे, त्या मास्तरला कोणी पुतळा करून ठेवलंय?"

मग तपास सुरू झाला. आपल्याकडे कुठल्याही तपासात पहिला संशय शेजाऱ्यावर जातो. सौ.चं मत पडलं की पलीकडचे पासवर्ड चोरतात. मी राउटरची यादी उघडून पाहिली तर तेवीस यंत्रं जोडलेली. त्यातलं एकही चोराचं नव्हतं. गेल्या दिवाळीपासून जो जो आमच्याकडे चहाला आला, त्या प्रत्येकाला आम्हीच पासवर्ड दिला होता. पूर्वी पाहुण्याला पाण्याचा तांब्या द्यायचे. आता पाणी मोजून आणि पासवर्ड तांब्या भरभरून. दूधवाल्याचा फोनसुद्धा फाटकापाशी आला की आपोआप जोडला जायचा. मापं घालता घालता तो हप्त्याची मालिका उतरवून घ्यायचा, हे नंतर कळलं. पासवर्ड बदलला. वरचा वेग मेला होता तसाच राहिला, फक्त दूध पातळ झालं.

दुसरा मार्ग म्हणजे फोन करणं. नेटवाल्याच्या माणसानं तक्रार पुरती ऐकलीही नाही. "राउटर बंद करून चालू करा." केला. "आता?" तसंच. "मग दहा मिनिटं बंद ठेवून चालू करा." आपल्याकडे काढ्याचं जे स्थान, ते या क्षेत्रात बंद करून चालू करण्याचं. कधीकधी त्यानं बरंही वाटतं, कारण दमलेल्या यंत्राची डोक्यातली अडगळ साफ होते. पण हाड मोडलेल्याला काढा देऊन काय उपयोग?

शेवटी पोरगा स्वतः आला. राउटरपासून हातभर अंतरावर उभा राहून त्यानं मोबाइलवर वेग मोजला. काटा सरसर चढला आणि ९४ वर थांबला. "बघा काका, फुल येऊ लागलंय!"

"प्लॅन शंभरचा आहे," मी मास्तरी आवाजात म्हणालो. "सहा कुठे गेले?"

पोरगा गडबडला. उत्तर आबांनी दिलं, "बारदाना असेल."

आणि खरोखर तसंच आहे. माहिती वायरीतून सुटी धावत नाही, छोट्या छोट्या पाकिटांत बांधून जाते. प्रत्येक पाकिटावर कुठून आलं, कुठे जायचं, कितवं आहे, हे लिहिलेलं असतं. त्या वेष्टनाचाही भार वायरच वाहते. शंभरच्या तारेतून हातात चौऱ्याण्णवच्या आसपास पडतात ते त्यामुळे. मोंढ्यात पोत्याचं वजन धरूनच माप घेतात, त्यात कोणी फसवत नसतो. बत्तीस वर्षं काट्यावर काढलेल्या माणसाला हे एका वाक्यात समजलं. मला समजायला पुण्याच्या भाच्याचे तीन फोन लागले.

भाच्यानं आणखी एक घोळ सोडवला. शंभर एमबीपीएस म्हणजे सेकंदाला शंभर एमबी नव्हेत. कंपनी मोजते बिटमध्ये, आपला सिनेमा असतो बाइटमध्ये, आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणजे शंभरचे झाले साडेबारा. हे ऐकून मी चिडलो. आबा शांत होते. "जुना हिशेब आहे. आठ आतपाव म्हणजे एक शेर. भाव कशाचा सांगितला ते आधी विचारायचं." माझा मेव्हणा बियाण्यात आहे. तो म्हणाला, "आमच्या सोयाबीनच्या पिशवीवर उगवणशक्ती किमान सत्तर टक्के असं छापावं लागतं. किमान! यांच्या पत्रकावर काय आहे? 'शंभरपर्यंत'. आम्ही 'सत्तरपर्यंत उगवेल' लिहिलं तर शेतकरी आम्हाला पेरतील."

पोरग्याला वर नेलं. तिथे काटा ७ वर अडकला. तो म्हणाला, "काका, सात म्हणजे पण ब्रॉडबँडच आहे." आणि कायद्यानं तो बरोबर होता. आपल्या देशात २००४ साली सेकंदाला २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हणायचे. २०२३ मध्ये ती पायरी दोन एमबीपीएसवर आली. म्हणजे सरकारी मापानं धाकटी साडेतीनपट सुखात होती. फक्त तिचे सर हलत नव्हते.

त्या संध्याकाळी आबांनी माळ्यावरची जुनी काळ्या कापडी बांधणीची वही काढली, मागची कोरी पानं उघडली, पट्टीनं रकाने आखले: तारीख, वेळ, जागा, ग्रॉस, टेअर, नेट. मोबाइलवर वेग कसा मोजायचा ते धाकटीकडून शिकून घेतलं आणि घरभर फिरून नोंदी सुरू केल्या. पहिलं पान माझ्यासमोर आहे. हॉल: ग्रॉस १००, टेअर ६, नेट ९४. जिन्याचा पायथा: टेअर ३९, नेट ६१. जिन्याचं वळण: टेअर ७८, नेट २२. ताईची (आबा धाकटीला ताई म्हणतात) खोली: टेअर ९३, नेट ७. शेरा: 'माल वाटेत सांडतो.'

माल कुठे सांडतो हे शोधताना आम्ही बरंच शिकलो. वायफाय या शब्दाला मुळात अर्थच नाही. १९९९ साली एका नाव पाडून देणाऱ्या कंपनीकडून तो घडवून घेतला, हे कळल्यावर माझ्यातला मराठीचा मास्तर दुखावला. राउटरमध्ये दोन भाऊ राहतात हेही कळलं. थोरला २.४ गिगाहर्ट्झचा, चालतो हळू, पण दोन भिंती ओलांडतो. धाकटा ५ गिगाहर्ट्झचा. पळतो वाऱ्यासारखा, पण उंबऱ्याशी दमतो. मोबाइलवर नावापुढे ५जी दिसतं तो हा धाकटा. टॉवरच्या ५जीशी त्याचं नातं नाही. थोरल्याच्या रस्त्याला आपल्याकडे तेरा मार्गिका आहेत, पण त्या एकमेकींवर इतक्या चढलेल्या की एकमेकांना धक्का न लावता जाता येईल अशा तीनच: पहिली, सहावी आणि अकरावी. आमच्या गल्लीतून तेव्हा सतरा राउटरांची नावं दिसत होती आणि बहुतेक सगळे पहिल्या मार्गिकेवर. सोयाबीनच्या हंगामात मोंढ्याच्या तोंडाशी ट्रॅक्टर अडकतात तशी गत. आम्ही अकरावीवर गेलो. वरचं नेट सातावरून नऊवर आलं. आबांनी शेरा लिहिला: 'रस्ता मोकळा. तरी सांड आहेच.'

अँटेनाचंही गुपित निघालं. उभ्या अँटेनेतून लहरी मेदूवड्यासारख्या पसरतात. आडव्या भरपूर, वर-खाली जवळजवळ नाहीत. आमच्या वड्याचं भोक बरोबर धाकटीच्या खोलीखाली होतं. एक अँटेना आडवी केली, त्यासाठी आईला टोपी पुन्हा विणावी लागली. मग राउटर टीव्हीमागून काढून उघड्या कोनाड्यात, जिन्याच्या तोंडाशी आणला. सौ. दोन दिवस त्या वायरीकडे पाहून उसासे टाकत होत्या. पण वर नेट चौदा झालं.

इथपर्यंत विज्ञानाप्रमाणे सगळं चाललं होतं. मग वहीत चमत्कार दिसायला लागला. जागा तीच, वेळ तीच, आणि नेट मात्र कधी चौदा, कधी सहा, कधी तेवीस. मराठीत 'लहरी' हा शब्द तरंगांना आणि विक्षिप्त माणसांना एकच का, ते मला त्या आठवड्यात उमगलं.

कोडं धाकटीनं सोडवलं. तिनं वहीतल्या तारखांशेजारी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर ठेवलं. त्यावर सौ. ज्या दिवशी नळ येतो त्या दिवसाला लाल गोल करतात. जालन्यात नळाची तारीख लक्षात ठेवावी लागते. लग्नाचा वाढदिवस विसरला तर चालतो. लाल गोल असला की वरचं नेट सहा. चार दिवसांनी चौदा. पुढचा गोल यायच्या आदल्या दिवशी तेवीस.

जिन्याच्या वळणावर आमचे दोनशे लिटरचे तीन निळे ड्रम असतात. स्लॅबमधून वाट बंद होती, म्हणून बिचाऱ्या लहरी जिन्यानं वर जात होत्या, आणि वाटेत उभं सहाशे लिटर पाणी. पाणी या लहरी पिऊन टाकतं. मायक्रोवेव्ह भट्टी याच पट्ट्यातल्या लहरींनी वरण गरम करते, कारण वरणात पाणी असतं. आमचे ड्रम काही गरम होत नव्हते, लहरींत तेवढा दम नाही. पण धाकटीचं गणित ते घटाघटा पीत होते. नळ आला की नेट जायचं. पाणी संपत आलं की नेट यायचं.

आबांनी चष्मा काढून पुसला. "सहाशे लिटर म्हणजे सहाशे किलो. मी पहिल्या दिवशीच विचारलं होतं, टेअर किती धरलं."

"ड्रम हलवायचे का?" मी विचारलं.

"अहो, नेट आठ दिवस नसलं तर पोरगी रुसेल," सौ. म्हणाल्या. "पाणी आठ दिवस नसलं तर काय कराल? ड्रम हलणार नाहीत." जालन्यात जन्म काढलेल्या कुठल्याही माणसानं या निकालावर अपील केलं नसतं.

मग मेव्हण्यानं रिपीटर आणला. तो धाकटीच्या खोलीतच लावला आणि त्यानं तिथल्या सहाचे चार केले. रिपीटर म्हणजे कीर्तनातला झीलकरी. बुवांचं ऐकायचं आणि तेच पुढे म्हणायचं, आणि ऐकायला नि म्हणायला गळा एकच, म्हणून वेग निम्म्यावर. झीलकऱ्याला बुवांचा आवाज ऐकू येईल इतक्या जवळ तरी उभं करावं ना! आम्ही त्याला देवळाबाहेर चपलांपाशी उभं केलं होतं.

धाकटी त्या सुमारास जगदीशचंद्र बोसांचा धडा वाचत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये अदृश्य लहरी भिंतींपार पाठवून पलीकडची घंटा वाजवली, आणि वाटेत बसलेल्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या देहातूनही त्या आरपार गेल्या. "आणि आपल्या एका स्लॅबमधून जात नाहीत!" ती म्हणाली.

"बोससाहेबांच्या भिंतीत सळई नव्हती," आबा म्हणाले. आवाजात खंत नव्हती, असलाच तर थोडा अभिमान होता.

भाच्यानं शेवटचा सल्ला दिला: हवेचा नाद सोडा, तार टाका. राउटरपासून वरपर्यंत लॅनची केबल न्यायची आणि तिच्या टोकाला ॲक्सेस पॉइंट नावाचा दुसरा डबा लावायचा. हा झीलकरी नव्हे. याच्या कानाला थेट तार जोडलेली, त्यामुळे तो ताज्या दमाने गातो. प्रश्न एकच उरला, तार वर न्यायची कुठून? अर्थात स्लॅबमधून.

ड्रिलवाला आला. कोपऱ्यात बोटभर भोक पाडायचं होतं. दोन इंच आत गेल्यावर ड्रिल किंचाळलं आणि थांबलं. सळई. तो तीन इंच सरकला. सळई. पुन्हा सरकला. सळई. तिसऱ्यांदा ड्रिलची टोच मोडली तेव्हा त्यानं घाम पुसत वर पाहिलं. "काका, हे घर आहे का धरण?"

आबा खुर्चीवरून उठले. छताला पडलेल्या तीन खड्ड्यांखाली जाऊन उभे राहिले आणि मान वर करून बराच वेळ पाहत राहिले. बत्तीस वर्षं हजारो ट्रक सळई त्यांनी मोजून बाहेर पाठवली होती. त्यातली आपल्या घरात गेलेली सळई त्यांना चौदा वर्षांनी पहिल्यांदा दिसत होती. "बारा एमएम," ते म्हणाले. "जरासुद्धा गंज नाही." ड्रिलवाल्याला त्यांनी चहा पाजला आणि मोडलेल्या टोचेचे पैसे वर दिले.

केबल शेवटी बाहेरून गेली. हॉलच्या खिडकीतून निघून, गच्चीवरच्या टाकीकडे जाणाऱ्या नळाच्या पाइपाला बांधत बांधत, धाकटीच्या खिडकीतून आत. पाण्यानं जी वाट अडवली होती, ती पाण्याच्याच पाइपानं मोकळी करून दिली. केबल बाराशेची, ॲक्सेस पॉइंट दोन हजारांचा, मजुरी तीनशे, आणि टोच वेगळी.

वहीतली शेवटची नोंद धाकटीच्या अक्षरात आहे, कारण आबांनी त्या दिवशी काटा तिच्या हवाली केला. ताईची खोली: ग्रॉस १००, टेअर ९, नेट ९१. ड्रम भरलेले.

आता माझं एवढंच सांगणं. वरच्या खोलीत नेट येत नसेल तर कंपनीला शिव्या देण्याआधी डब्यापासून खोलीपर्यंत एकदा चालत जा आणि वाटेत काय काय उभं आहे ते लिहून काढा. राउटर लपवू नका, उंचावर उघडा ठेवा, त्याला टोपी घालू नका. घर बांधायला काढलं असेल तर स्लॅब टाकायच्या आदल्या दिवशी सळईच्या जाळीतून एक इंचाचा रिकामा पाइप खालून वर काढून ठेवा. शंभर-दीडशे रुपयांत काम होतं. सळई मात्र कमी टाका असं मी सांगणार नाही. मी जालन्याचा आहे, आणि हा लेख छापण्याआधी आबा वाचणार आहेत.